अक्काचा निर्जळी उपवास

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. त्याचा अभिमान मला आजही आहे. पण त्याच अभिमानानं एकदा माझा घात होत आला होता.

दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर आठवड्यातून तीनदा कडेगावहून सांगलीला डायलिसिसला मी एसटीनं एकटाच जायचो. आई-वडील गेलेले, लग्न झालेलं नाही. सुरुवातीला सोबत येणारे मित्र पुढं फोनवर विचारू लागले, मग फोनही थांबले. मशीनशेजारी चार तास छताकडं बघत पडायचं आणि घरी येऊन आपणच लावलेलं कुलूप आपणच काढायचं. देवापुढचा दिवाही मी बंद केला होता. जो ऐकत नाही त्याला हाका किती मारायच्या?

अशात शिराळ्याला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, मूत्रपिंड द्यायला पुढं आली. फौजेतल्या दाजींनी होकार दिला. रक्तगट जुळला. आता तिची मूत्रपिंडं किती सशक्त आहेत ते तपासायचं होतं. ती आदल्या दिवशीची चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये घेऊन आली, सकाळी रक्त दिलं. दुपारी अहवाल आला. क्रिएटिनिन वाढलेलं, गाळण्याची क्षमता कमी.

"काही आजार, गोळ्या चालू आहेत का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"न्हाई बा."

"मग या आकड्यांवर मला यांचं मूत्रपिंड घेता येणार नाही. उद्या यांनाच त्रास व्हायचा."

पुन्हा तपासू या, एवढंही मी म्हणालो नाही. आकडे मला कळत होते ना! बाहेर येऊन अक्काला म्हणालो, "तू घरी जा. संपलं आता." ती बाकावर बसून पदरानं डोळे पुसत राहिली. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी मनात म्हणालो, देवा, माझी अक्कल इथं संपली, आता तुझं तू बघ.

शेजारी पांढऱ्या पातळातली एक म्हातारी सकाळपासून बसली होती. ती अक्काकडं वाकून म्हणाली, "व्हट लय सुकल्यात गं तुझं. उपास हाय व्हय?"

"व्हय आजी, भावाचा. पंचमीच्या आदल्या दिवशी धरतोय न्हवं आमी. आज नागोबा पुजला की सोडायचा."

"पाणी?"

"पाणीबी न्हाई. औंदा भाऊच आजारी, म्हनून कडक धरलाय."

म्हातारी हसली. "आमी जैन. बिनपाण्याचं उपास आमाला नवं न्हाईत. पाणी सोडल्यावर कॅन भरंल कशानं? आन् रं शिकलेल्या, तुला हे इचारायचं सुचलं न्हाई?"

मी अक्काकडं बघितलं. "डॉक्टरांना का सांगितलं नाहीस?"

"त्यांनी आजाराचं इचारलं. उपास म्हंजे आजार हाय व्हय रं? उपाशीपोटी या म्हनलं व्हतं, मला तर बरंच झालं!"

मी धावत आत गेलो. उपवासाचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "पाणी नसलं की आकडे असे बिघडू शकतात. आठ दिवस भरपूर पाणी पाजा. पुन्हा बघू." बाहेर आलो तर म्हातारी बाकावर नव्हती. असेल कुणा पेशंटची नातेवाईक. मी तिला पुष्कळ शोधलं, सापडली नाही. त्याहून जास्त मी काही म्हणत नाही.

आठ दिवसांनी आकडे स्वच्छ आले. बाकीच्या तपासण्याही पार पडल्या. अक्काचं मूत्रपिंड आज माझ्या पोटात काम करतंय.

माझं शिक्षण खोटं नव्हतं, आणि अक्काची श्रद्धाही. फक्त मला आकड्यापलीकडचं माणूस दिसलं नव्हतं. ते दाखवायला कुणाला पाठवायचं, हे ज्याचं त्याला ठाऊक. मी हात जोडले, एवढंच माझ्याकडून झालं.

आता पंचमीच्या आदल्या दिवशी अक्काचा सकाळीच फोन येतो. "पाणी पिलास का रं?"

"पिलो. तू?"

"ह्यो बघ, तांब्या हातातच हाय."

तिकडं तिचे घोट ऐकू येतात. मग मी दिवा लावतो.