बोंबलांच्या दोरीतली अँटेना

मला पत्रकं लिहिता येतात. पत्रकात एक बाजू चूक असते, एक बरोबर, आणि बरोबर बाजूला मी असते. इथे तसं नाही, म्हणून हे लिहिताना हात जड झालाय.

बाळकुमला आमची बिल्डिंग आहे तिथे आधी गावातली घरं होती. त्यातलं एक घर खालच्या मावशींचं, कोळ्यांचं. जागेच्या बदल्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि त्याच्या गॅलरीत दोरी बांधून त्या बोंबील सुकवायच्या. सोसायटीने वासाबद्दल नोटीस लावली तेव्हा मी पेटले. "ज्यांच्या जमिनीवर राहता, त्यांच्याच जेवणाला नाक मुरडता?" असं पत्रक काढलं आणि प्रत्येक दाराखालून आत सरकवलं. नोटीस गेली. तेव्हापासून मी मावशींची 'बालिस्टर'.

आम्ही त्यांच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर.

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संदेशांचा, नाद मला पुराच्या मदतीत लागला. मी आंबिवलीला गेले होते. मोबाईल मेलेले, आणि एक माणूस हातातल्या रेडिओवरून निरोप पोचवत उभा होता. मी परीक्षा दिली, सरकारी परवाना काढला आणि गच्चीवर अँटेनाची तार बांधायची परवानगी मागायला सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे गेले.

"आज तुझी तार, उद्या प्रत्येकाची," ते म्हणाले.

"काका, परवाना आहे माझ्याकडे. दिल्लीचा."

"मग दिल्लीत बांध ना. गच्ची सोसायटीची आहे."

मी घरातच तार फिरवली. पडद्याच्या रॉडवरून, दाराच्या चौकटीवरून, कपाटामागून. आई म्हणायची, "अगं, घर आहे का कोळ्याचं जाळं?" आणि त्या तारेत ऐकू काय यायचं, तर बिल्डिंगमधल्या सगळ्या दिव्यांची आणि चार्जरची खरखर. तार बाहेर हवी होती, लांब हवी होती आणि दिसायला नको होती.

मग मला मावशींची दोरी दिसली.

"मावशी, माझी एक बारीक तार खाली सोडून तुमच्या बोंबलांच्या दोरीला गुंडाळू?"

"कसली गो?"

"रेडिओ ऐकायची."

ऐकायची, एवढंच म्हणाले. त्याच तारेतून मी बोलणारही होते, ते गिळलं. ऐकणारी तार कुणाला त्रास देत नाही. बोलणारी देऊ शकते, आसपासच्या वायरींमध्ये शिरते. हे परीक्षेच्या अभ्यासातच होतं. मला तेव्हा फक्त सेक्रेटरी काकांना हरवायचं होतं. "बांद की," मावशी म्हणाल्या. "तुना नाय बोलू काय मी?"

बोंबलांमध्ये तार कुणाला दिसणार! रोज दिवेलागणीला आमच्या मंडळींची रेडिओवर हजेरी असते. नाशिकचे कुणी, कल्याणचे एक निवृत्त मास्तर, आणि आता मी. आवाज खणखणीत पोचत होता. मी खूश.

मावशींची मुलगी आंबिवलीहून दर रविवारी दुपारी यायची आणि उन्हं कलायच्या आत परतायची. एकदा तिने मला लिफ्टपाशी गाठलं.

"आईला भास होतायत गं. बेल वाजली म्हणून दार उघडते, बाहेर कुणीच नसतं. शेजारची पोरं हसतात तिला. डॉक्टरांना दाखवलंय, आजपासून गोळ्या सुरू."

"कधी होतं असं?"

"संध्याकाळी. दिवा लावायच्या वेळेला."

मी वर आले. गॅलरीचं दार उघडं ठेवलं आणि माईकचं बटण दाबलं. खाली मावशींची चिमणीच्या आवाजाची बेल चिवचिवली. चपला सरपटल्या, कडी निघाली. "कोन हाय?" मग कडी परत लागली.

खात्री करायला मी पुन्हा दाबलं. हे दुसऱ्यांदा दाबणं मला जास्त टोचतं.

त्याच संध्याकाळी मी तार वर ओढून घेतली. खाली कुणाला काही बोलले नाही. म्हटलं, बेल थांबेल, विषय मिटेल, काकांच्या तोंडाला लागायला नको. दुसऱ्यांच्या लपवाछपवीवर मी पानंच्या पानं लिहिलीत.

पुढच्या रविवारी मुलीने पेढा दिला. "गोळी लागू पडली! एकदाही बेल वाजली नाही म्हणते. आता मात्र एकटी नको. आंबिवलीला नेते, फ्लॅट भाड्याने देऊ."

मावशी खुर्चीत बसलेल्या. गॅलरीतली दोरी रिकामी. "मना पन वाटतंय," त्या खाली बघत म्हणाल्या, "माझाच डोका फिरला आसंल."

पेढा मी तसाच ठेवला. मी म्हटलं, "ताई, पाच मिनिटं थांबा." वर धावले, तार पुन्हा खाली सोडली, बटण दाबलं. चिमणी ओरडली. खालून मावशींचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी चढा: "उघर दार! बग कोन आयलाय!"

मी खाली गेले तेव्हा मुलगी उघड्या दारातच उभी होती. सगळं सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या आठवड्यापासून."

"आणि आठवडाभर मी हिला गोळ्या गिळायला लावतेय."

मुलीने डॉक्टरांना फोन लावला. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, माफ करतील.

"बोंबलासाठी सगल्या दारांखाली कागद टाकलास," त्या म्हणाल्या. "आता सगली बिल्डिंग मना येरी, डोका फिरलेली बोलते. आता नाय टाकनार?"

मावशी आंबिवलीला गेल्या नाहीत. मी पत्रक लिहिलं, आजवरचं सगळ्यात छोटं: 'तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं डोकं ठिकाणावर आहे. त्यांची बेल माझ्या लपवलेल्या अँटेनामुळे वाजत होती. मला माहीत झालं तरी मी गप्प बसले.' खाली नाव घातलं. पहिला कागद सेक्रेटरी काकांच्या दाराखाली सरकवला. तार त्याआधीच उतरवून गुंडाळलेली.

शेवटचा कागद दाखवायला मावशींकडे गेले, बेल दाबली. आत चिमणी चिवचिवली. कुणी उठलं नाही. हल्ली त्या पहिल्या बेलला उठत नाहीत.

मी पुन्हा दाबली, आणि दाराला तोंड लावून म्हटलं, "मावशी, मी आहे. खरंच आहे."