दोन ट्रॉल्या आणि पाटाचा चढ

शिरूरच्या शाळेत मी मुलांना बल आणि गती शिकवतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. थोरला दादा शाळा सोडून शेतात उतरला, म्हणून मला वर्गात बसता आलं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या हंगामात तो दौंडकडच्या रानातून कारखान्याला ऊस वाहत होता. सुट्टी होती, म्हणून मीही सोबत गेलो. वाटेत पाटाच्या पुलाला उभा चढ आहे. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या असल्या की तिथं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. आमच्याकडं त्यावर एकच उपाय: पुढं माणसं उभी करायची. त्या दिवशीही तोडणीच्या टोळीतले दोघे सवयीनं बंपरवर चढले.

दादा मला म्हणाला, "मास्तर, तुमीबी चढा. पदवीचं वजन पडू द्या जरा!"

सगळे हसले. मीही हसलो, पण पाय हलेना. मागची ओढ वाढली की पुढचा भाग उचलतो, पुढं वजन दिलं की दबतो. हिशोब बरोबरच होता. फळ्यावर असे बाण मी कितीदा काढलेत. पण फळ्यावरचं वजन घसरून चाकाखाली जात नाही. आणि ट्रॅक्टर मागं उलटला, तर खाली दादा.

"दादा, एक ट्रॉली हितंच सोड. एकेक ने."

"आन् रांगेतला नंबर गेला म्हंजी? रातभर कारखान्यावर बसायचं व्हय?"

"बसू. मी बसतो तुझ्यासंगं. पण असा जाऊ नको."

दादानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खाली उतरला आणि त्यानं दोन ट्रॉल्यांमधली पिन ओढून काढली. सुटलेल्या ट्रॉलीच्या चाकांना आम्ही दगड लावले. बंपरवरचे दोघे कुरकुरत उतरले.

एक ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चढ चढला. मी फक्त पुढची चाकं बघत होतो. ती जमिनीला धरून गेली.

पहिली ट्रॉली पुलापलीकडं सोडून दादा दुसरी न्यायला परत आला, तोवर मागं आणखी एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता. त्याच्याही बंपरवर माणसं.

दादा त्याच्या ड्रायव्हरकडं चालत गेला. "पावनं, आधी माणसं उतरवा. एकेक ट्रॉली न्या."

"का वो? सायेब झालासा काय?"

"न्हाई," दादा म्हणाला, "आमच्या मास्तरला बघवत न्हाई."