त्याचं मशीन, माझं मशीन

त्याला चांगलं मशीन दिलंय, अशी पहिल्या आठवड्यातच माझी खात्री झाली होती.

आम्ही दोघं एकाच दिवशी मोजणीच्या कामावर लागलो. कंपनी खासगी, ऑफिस सेलूला. केळझरच्या शिवारातल्या ठरलेल्या खुणांवर तिवई उभी करायची, तिच्यावर उपग्रहांचे सिग्नल पकडणारा रिसीव्हर बसवायचा आणि एकेका खुणेवर तासभर थांबायचं. संध्याकाळी नोंदी ऑफिसात तपासल्या जायच्या. त्याच्या पास व्हायच्या, माझ्यातल्या निम्म्या नापास.

तो नागपूरचा. वडील इंजिनिअर, घरात लहानपणापासून कॉम्प्युटर. मी सिंदीची. आई बाजारात भाजी विकते आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. साहेबांनी आधीच सांगितलं होतं, केळझरचं काम संपलं की दोघांपैकी एकालाच कायम करणार. तो चहा पितानाही निवांत दिसायचा. त्याचा तो निवांतपणा मला सहन होत नसे.

मी मशीनला जिवापाड जपायची. इतकी महाग वस्तू माझ्या भरवशावर दिली, याचंच मला अप्रूप होतं. मे महिन्यात अकरा वाजले की रिसीव्हरला हात लावता येत नसे. मग मी माझा दुपट्टा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून त्याच्यावर घालायची, सुकला की पुन्हा भिजवायची. तिवई उचलणारे काका हसायचे. "मॅडम, मशीनले बी ऊन लागते काय?"

"आपल्याले लागते, त्याले नाई लागनार?"

"मंग त्याले कांदा बी द्या खिशात ठेवाले!"

शेवटी मी साहेबांकडे तक्रार केली, मशीनं बदलून द्या. त्यांनी दिली. आणि त्याचं मशीन माझ्याकडे येताच नापास व्हायला लागलं, माझं त्याच्याकडे जाऊन पास. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. देण्याआधी त्यानंच काहीतरी केलं असणार, दुसरं काय? शनिवारी मी साहेबांना तसं सांगूनही टाकलं. त्यानं मुद्दाम सेटिंग बदललीय.

साहेब म्हणाले, "मशीनशी खेळला असेल तर सोमवारी त्याला घरी पाठवतो. पुरावा आण."

पुरावा म्हणजे लॉग. कुठल्या क्षणी कुठला उपग्रह किती जोरात ऐकू आला, याची रिसीव्हर स्वतःच नोंद ठेवतो. रविवारी सकाळी आईच्या भाजीच्या दुकानाशेजारी पोत्यावर बसून मी दोघांचे लॉग लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडले; सिग्नल जितका जोरात, तितकी रेघ वर. सेटिंग जशीच्या तशी होती. झाड किंवा भिंत आडवी आली असती तर त्याच बाजूचे उपग्रह गेले असते. माझ्या लॉगमध्ये सगळेच एकदम पडत होते. अकरानंतर, दर वीस-पंचवीस मिनिटांनी. पडणं एका क्षणात, चढणं मात्र हळूहळू, कुणी धापा टाकत टेकडी चढावी तसं.

"काऊन तोंड पाडून बसली वं?" आईनं विचारलं.

"सिग्नल पडून राह्यला, आई. कायनं पडते तेच समजत नाई."

"पडते तं उठते बी. माह्या सांभाराले पाह्य." तिनं कोथिंबिरीवरच्या ओल्या फडक्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. "पानी मारलं का उभा राह्यते, सुकलं का मान टाकते."

वीसेक मिनिटांनी तिनं पुन्हा पाणी शिंपडलं. मी घड्याळ पाहिलं. मग स्क्रीन पाहिली. माझ्या रेघेचं उलटं होतं. पाणी मारलं की मान टाकायची, सुकेल तसतशी उभी राहायची. मशीनं दोन होती, दुपट्टा एकच, माझा. ओलं कापड सिग्नल पिऊन टाकत होतं.

सोमवारी सेलूच्या बसमध्ये मी तीनदा ठरवलं की गप्प बसायचं. तो गेला असता, मी कायम झाले असते, आणि दुपट्टा घालणं मी हळूच बंद केलं असतं. ऑफिसात तो नेहमीसारखाच खुर्ची मागे झुकवून बसला होता. साहेबांनी पुरावा मागितला. मी लॅपटॉप उघडला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "सर, यानं काही केलं नाही. चूक माझी आहे."

दुपट्ट्याचं, आईच्या भाजीवरच्या पाण्याचं, सगळं ऐकून तो आधी माझ्याकडे, मग रेघेकडे बघत राहिला. "यार, मी खेळलो म्हणून सांगितलंस तू?"

"हो."

मग त्यानं स्क्रीनवरच्या त्या चढावरून बोट फिरवलं. "पण हे मला नसतं सुचलं. आमच्याकडे भाजी फ्रिजमध्ये असते."

साहेब हसले. मला हसता आलं नाही. कौतुकसुद्धा त्याला इतकं सहज जमत होतं.

कायम तोच झाला. नापास खुणा मी काकांना घेऊन पुन्हा मोजल्या. दुपट्टा या वेळी माझ्या डोक्यावर होता. संध्याकाळी लॉग उघडला तर रेघ सकाळपासून अखेरपर्यंत सपाट. सगळे निघून गेल्यावर मी त्याच्या एका दिवसाची रेघ काढली आणि माझ्या रेघेवर ठेवून पाहिली.

माझी जराशी वर होती.