मुशीत गेलेला उलटा राजा

सगळ्यात आधी माधवनगरच्या कुंदाकाकूंचं नाव लिहितो. त्या नसत्या तर त्या दिवशी मी सांगलीहून घरी न जाता तसाच परतीची गाडी पकडली असती, आणि आईला तोंड दाखवायची हिंमत मला पुन्हा झाली नसती. काकू हे वाचतील की नाही माहीत नाही. वाचलंच तर ओळखतील, तो भाजलेल्या हातांचा माणूस मीच.

माझं गाव माण तालुक्यात. आठवीत शाळा सोडली आणि मामाच्या मागोमाग तमिळनाडूत सेलमला आलो. आमच्याकडची कितीतरी पोरं करतात तेच काम — गलाई. लोकांचं जुनं सोनं-चांदी मुशीत घालायचं, वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. भूत, करणी, अंगात येणं… यातलं मी काही मानत नाही. भट्टीपुढं उभा राहणारा माणूस मानूच शकत नाही. मुशीत गेलेली वस्तू संपते. पैंजण असो नाहीतर कुणाच्या लग्नातली वाटी, खाली उरतो तो नुसता धातू. या एका गोष्टीवर माझं पोट चालतं.

लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या. पण खाली कमेंटमध्ये "भाऊ, तुमचा गोंधळ झाला असेल" असं लिहू नका. गोंधळ झालेला नाही.

वितळायला येणाऱ्या चांदीत कधीकधी जुने रुपये निघतात. तेवढ्याच वजनाची दुसरी चांदी घालून एखादा मी ठेवून घेतो. असा नाण्यांचा नाद लागला. गेल्या थंडीत सुट्टीवर गावी आलो होतो, तेव्हा सांगलीत एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन असल्याचा मेसेज आला. दाजींना म्हटलं, चला. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर. मिलिटरीतून रिटायर झालेत, साताऱ्यात घर बांधलंय. जगातल्या प्रत्येक माणसाकडं ते गेटवर अडवलेल्या गाडीसारखं बघतात.

आत गेलो. टेबलांवर काचा, काचेखाली मखमल, लोक नाणं कडेनं धरून भिंगातून बघतायत. माझ्या हातांवर भट्टीचे डाग. मी हात खिशात घातले.

"खिशात हात घालून काय फिरतुयास?" दाजी म्हणाले. "नाणी बघाय आलायस का पाकिटं माराय?"

"आवं दाजी, हळू बोला की."

कोपऱ्यात एका व्यापाऱ्यानं खराब मालाचा ट्रे ठेवला होता. भोकं पाडलेली, कडी जोडलेली, झिजलेली नाणी. संग्रह करणारे अशा नाण्याला हात लावत नाहीत. पण एक सत्तरीच्या बाई नेमकी तीच चाळत होत्या. त्यांनी एक रुपया उचलून उजेडाकडं धरला… आणि मी जागीच थांबलो. राजाच्या डोक्यावर नाही, खाली गळ्याशी भोक होतं.

इथं थोडं मागं जावं लागेल.

माझ्या आईच्या गळ्यात एक राजाछाप रुपया असायचा. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, लग्नानंतर दिलेला. भोकही त्यांनीच पाडलं, खिळा आणि दगड घेऊन. सगळे भोक पाडतात राजाच्या डोक्यावर, म्हणजे तो सरळ लोंबतो. तात्यांनी पाडलं खाली. राजा कायम उलटा. सगळी आळी हसायची, "इंग्रजाच्या राजाला टांगलाय बघा!" तात्या म्हणायचे, "तुमास्नी कशाला सुलटा दिसाय पायजे? जिच्या गळ्यात हाय तिला दिसला म्हंजे झालं." आई मान खाली घालून बघायची, तेव्हा तिला तो सुलटाच दिसायचा.

तात्या गेले तेव्हा मी नुकता भट्टीवर उभा राहायला लागलो होतो. आमच्यात घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचा चांदीच्या पत्र्यावर टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. आईनं गळ्यातला रुपया काढला आणि म्हणाली, "ह्येचाच करा." मामा तो सेलमला घेऊन आला. माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुझ्या बापाचं काम हाय. तूच वितळव."

मी वितळवला. मामा शेजारी उभा होता. आधी कड सैल झाली, मग अक्षरं गेली, राजाचं तोंड शेवटी गेलं. त्याच चांदीचा पत्रा मामानं म्हसवडच्या सोनाराकडं दिला, त्यानं टाक ठोकला. तात्यांसारखाच पटका, हातात काठी, पायाशी मेंढरू. आजही आमच्या देव्हाऱ्यात आहे.

आणि आता सांगलीत तो रुपया एका अनोळखी बाईच्या बोटांत होता.

"काकू, ते… ते माझ्या आईचं हाय," माझ्या तोंडून निघून गेलं. व्यापारी ताडकन उठला. "ओ भाऊ, चोरीचा माल नाही आपल्याकडं. शिराळ्याच्या एका घरातनं आख्खा डबा घेतलाय, कधीचा पडून आहे." आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

बाईंनी शांतपणे रुपया मुठीत बंद केला. "थांबा हो. त्यांना सांगू दे. भाऊ, या रुपयावर अजून काय आहे?"

मी सांगितलं. मोठ्या भोकाशेजारी एक अर्धवट भोक आहे, आरपार न गेलेलं, तिथं खिळा आधी धरला होता. आणि खिळा घसरला तो राजाच्या कानापासून नाकापर्यंत ओरखडा.

त्यांनी मूठ उघडली, भिंग लावलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. अर्धवट भोक होतं. ओरखडा होता.

मला क्षणभर आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मागून दाजी बोलले.

"म्हंजे ह्यो त्योच."

"व्हय दाजी, त्योच हाय!"

"मग सुऱ्या, मुशीत काय घातलं हुतंस?"

मी भिंग खाली ठेवलं. दाजी थांबले नाहीत.

"आईचा रुपाया इकून खाल्लास. आणि देवाऱ्यात काय बसवलंयस रं? डब्याचा पत्रा? म्हातारी रोज त्येला हळद-कुकू वाहतीया!"

म्हणजे बघा. रुपया आईचाच आहे हे मी जितकं पटवून देणार, तितका मीच चोर ठरणार होतो. गलाईवाल्याकडं लोक आधीच संशयानं बघतात. त्यात स्वतःच्या आईला फसवलं, मेलेल्या बापाच्या टाकात खोट घातली… हे एकदा गावात गेलं की संपलंच. मी एवढंच म्हणालो, "मी वितळवलाय. माझ्या डोळ्यांसमोर." कुणाला पटणार?

त्या बाईंनी, म्हणजे कुंदाकाकूंनी, व्यापाऱ्याला पैसे देऊन टाकले. मग दाजींना म्हणाल्या, "साहेब, चोराला आपण विकलेली वस्तू दिसली तर तो दुसरीकडं बघतो. हा ओरडत पुढं आला." आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवला. "आईला दाखवा. तिचा नसला तर मला परत आणून द्या. माधवनगरात कुंदाकाकू म्हणून विचारा."

मी पैसे काढले, त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "मी भोकाचीच नाणी जमवते. बायकांनी अंगावर घातलेली. पण घालणारीचं नाव कळलं तरच ठेवते, आणि ते क्वचितच कळतं. तुमच्या आईचं नाव काय?"

"हौसाबाई."

"बघा, याला नाव आहे, आणि घालणारीही आहे. म्हणजे हा माझा नाही, तिचा."

एसटीनं दाजी माझ्याबरोबर गावीच आले. घरी पोचलो तेव्हा आई दारात शेंगा फोडत बसली होती. दाजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वर म्हणाले, "टाक काढा भाईर. सोनाराकडनं तपासून आणतो."

मीही हट्टाला पेटलो. "तपासा! मला भ्या न्हाई."

आई उठली नाही. "देवाऱ्यातल्या माणसाची झडती घ्येत्यात व्हय?" म्हणाली. मग माझ्याकडं हात पसरला. रुपया घेतला, उलटा-पालटा केलाच नाही. कमरेच्या पिशवीतला काळा दोरा काढला, भोकात ओवला, गळ्यात बांधला आणि मान खाली घालून बघितलं. बराच वेळ बघत होती.

"सुलटाच हाय," म्हणाली.

"आवं आत्या, पर मग टाक कशाचा हाय?" दाजी सासूवर चिडले.

"तुमच्या सासऱ्याचा. आणि माझ्या लेकाला चोर म्हणायचं आसंल तर च्या न घेता जावा."

दाजींनी चहा घेतला. पण पटलेलं नाही. आजही बहिणीच्या फोनवर मागून खोकतात.

मी देव्हाऱ्यात जाऊन बघितलं. टाक जागेवर होता. पटका, काठी, मेंढरू, सगळं तसंच. टाकही आहे आणि रुपयाही आहे. मी हेच सांगतोय.

मामाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मी बघितलंय गड्या. राजाचं तोंड शेवटी गेलं." वर हेही, "गिऱ्हाइकाला सांगू नगंस. वितळलेलं परत येतंय म्हणलं तर दुकान बंद पडंल."

आता तुम्ही म्हणाल, दोन रुपये असतील सारखे. असतील. दोन्हींना उलटं भोक? दोन्हीकडं खिळा तसाच घसरला? म्हणाल, मामा-भाचे मिळालेले आहेत. म्हणा. मी रोज मुशीत वस्तू संपताना बघतो, अजूनही भूत मानत नाही, आणि तरीही सांगतो की तो रुपया मी वितळवला होता आणि तो आज माझ्या आईच्या गळ्यात आहे. उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्याकडंही नाही.

मी सेलमला निघताना आई म्हणाली, "माझा टाक करशील तवा दुसरी चांदी घाल. ह्यो मुशीत घालू नगंस… घातलास तरी ऱ्हायचा न्हाई त्यो. त्या बाईला दिऊन टाक. माझं नाव ठावं हाय तिला."

तर कुंदाकाकू, तुमचा रुपया तुमच्याकडं येणार. मी स्वतः माधवनगरला येऊन हातात देणार, हा शब्द. फक्त तो दिवस लवकर येवो असं म्हणत नाही, त्याबद्दल माफ करा. तुम्हीही तोवर टिकून राहा.