पोपटरावांचा बिनआवाजी कॅमेरा

पोपटराव कटके वाघोलीचे. घरी शेती होती, पण हे रमले फोटोत. लग्नं, बारशी करता करता तेवीस वर्षांपूर्वी त्यांना गाण्याच्या मैफिलींचं काम मिळालं आणि तेच त्यांचं खरं काम झालं. गायक समेवर कधी येणार हे त्यांना चेहऱ्यावरून आधीच कळायचं आणि बोट नेमकं त्याच क्षणी बटण दाबायचं. इतकी वर्षं एकाच कंपनीचा कॅमेरा. अंधारातही कुठलं चाक किती फिरवायचं ते बोटांना पाठ.

दोन वर्षांपूर्वी कर्वेनगरच्या एका सभागृहात यमुनाबाई गात होत्या. वय एकाहत्तर. आलाप अगदी सावकाश चालला होता, आणि कॅमेरा वाजला. खटॅक! थोड्या वेळानं पुन्हा. बाई थांबल्या. तंबोरे तेवढे चालू राहिले.

"अहो, तुमचं उरकलं की सांगा," त्या म्हणाल्या, "मग मी गाते."

सभागृह हसलं. पोपटरावांनी कॅमेरा खाली घेतला, तो त्या संध्याकाळी पुन्हा वर नेला नाही. दुसऱ्या दिवशी संयोजकांचा फोन आला: यापुढे फोटो गाणं सुरू होण्याआधी काढायचे. हळूहळू बाकीचेही तेच म्हणू लागले. पण गाण्याआधीचा गायक म्हणजे माईक तपासणारा माणूस. त्याचेच फोटो काढून घरी निघायचं, हे पोपटरावांच्या जिवाला लागलं.

आवाज न करणारे कॅमेरे आले होते. त्यांच्या कंपनीचाही होता, पण अलीकडे मनगट दुखायचं आणि हातात छान बसला तो दुसऱ्याच कंपनीचा, लहान, हलका. तो घ्यायचा तर जमवलेल्या लेन्सही बदलणं आलं.

बायको चंपा म्हणाली, "इतकी वर्सं उजव्या हातानं जेवलात, आता डाव्यानं जेवणार व्हय?"

"शिकंन. हात शाबूत हाय ना अजून!"

जुना कॅमेरा आणि पाचही लेन्स दुकानात दिल्या आणि नवा घरी आला. आता खरा त्रास सुरू झाला. या कंपनीच्या लेन्सचं कडं उलटं फिरतं. माणूस जवळ आणायला जावं, तर तो लांब पळायचा. रोज सकाळी तासभर पोपटराव गॅलरीत बसून कावळे, खालून जाणारे पाण्याचे टँकर, मटार सोलणारी चंपा, दिसेल ते टिपू लागले. चंपा शेवटी म्हणाली, "माझाच चेहरा पाठ करायचा होता, तर लग्नात करायचा!"

महिन्याभरानं त्यांनी भाग्यश्री नावाच्या नृत्यशिक्षिकेच्या वर्गाच्या कार्यक्रमाचं काम घेतलं. बोटं बरी चालली. पण घरी येऊन संगणकावर पाहतात तर निम्म्या फोटोंवर आडवे काळे पट्टे. आवाज बंद ठेवला की काही दिव्यांखाली असं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एखाद्यानं सारवासारव केली असती. यांनी सरळ फोन लावला.

"मॅडम, फोटो बिघडले. चूक माझी. एकदा तालमीला येऊ द्या."

मग भाग्यश्री म्हणाल्या, "नाच पुन्हा करता येतो. बुधवारी या."

बुधवारी मुली पुन्हा नटून नाचल्या. पोपटरावांनी आधी प्रत्येक दिव्याखाली शटरचा वेग जुळवून पाहिला, पट्टे जाईपर्यंत. त्या दिवसाचे फोटो पाहून भाग्यश्रींनी पुढच्या वर्षाचं काम तिथंच सांगितलं.

मग धीर करून ते यमुनाबाईंच्या घरी गेले.

"बाई, मी तो खटॅकवाला."

"ओळखलं. बसा."

त्यांनी कॅमेरा दाखवला, काय बदललं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "काढा. मी माझं गाते." आणि तंबोरा जुळवून गायला बसल्या. अर्ध्या तासानं थांबल्या.

"अहो, सुरुवात करा की! मुहूर्त बघताय का?"

"दोनशे झाले, बाई."

बाईंनी हात पुढे केला. चष्मा लावून त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पाहू लागल्या. एका फोटोपाशी थांबल्या. त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते, हात अर्धा वर, सूर अजून लागायचा होता.

"गाताना मी आईसारखी दिसते," त्या हळूच म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही कधी."

त्या हिवाळ्यात बाईंनीच संयोजकांना कळवलं की पोपटराव गाणं चालू असताना फोटो काढतील. आता ते दर गुरुवारी बाईंकडे, शिष्या शिकत असताना, कोपऱ्यात बसतात. कधी कधी कॅमेरा पाव पाव तास मांडीवरच राहतो. परवा एका शिष्येनं गंमत म्हणून विचारलं, कुठला राग चाललाय? पोपटरावांनी विचार करून चुकीचं नाव सांगितलं.

बाई म्हणाल्या, "शेजारचं घर सांगितलंत. गल्ली बरोबर आहे."