अण्णांना ऐकू न आलेला ब्रेक

अण्णांनी उभी हयात अहमदपूर ते लातूर काळी-पिवळी जीप चालवली. माझे वडील तसे कमी बोलणारे, पण गाडीचा विषय निघाला की त्यांना गप्प करायला माय लागायची. ब्रेक म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं. "पाय ठेवल्यावर पेडल मऊ लागून खाली जाऊन राहिलं की समजायचं, तेल कमी झालं न्हाई तर हवा शिरली. गाडी एका बाजूला ओढली की एक चाक नीट धरून न्हाई राहिलं. अन् बारीक शिट्टी वाजली की पॅड झिजला. पॅडला मुद्दाम लोखंडाची पट्टी ठेवलेली असते, ती चाकासंगं फिरणाऱ्या डिस्कला घासून ओरडते. ओरडली की ऐकायचं. मग खरखर सुरू झाली तर उशीर झाला."

डॅशबोर्डवरच्या दिव्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. सगळं कानावर. जीपमध्ये कोंबलेल्या माणसांच्या गलक्यातूनही त्यांना मागच्या चाकाची कुरकुर कळायची आणि गाडी चाकूरच्या अलीकडेच रस्त्याकडेला लागायची. कोणाची पुढची एसटी चुकायची, कोणाची कोर्टाची तारीख. लोक शिव्या घालायचे आणि अण्णा ढिम्म, चाकाशी बसलेले.

पुढे जीप विकून त्यांनी जुनी कार घेतली, आणि त्याच सुमारास मायच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी लातूर गाठावं लागे. मी नोकरीमुळे नांदेडला, सुट्टीत आले तरच सोबत जायची. बाकी फेऱ्या अण्णांच्याच. मायच्या सीटवर ते आधी गोधडीची घडी ठेवायचे, आणि तिला धक्का बसू नये म्हणून स्पीड ब्रेकर दिसायच्या आधीच वेग कमी करायचे. तिच्याशी चार गोड शब्द बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही, पण गाडी मात्र ते तिच्यासाठी फार जपून चालवायचे.

त्या दिवशी मी मागे बसले होते. भजनं लावलेली होती. थोड्या वेळानं मला एक गोष्ट खटकली. स्पीड ब्रेकर जवळ आला की माय हात पुढे करून आवाज वाढवायची, तो ओलांडला की कमी करायची. सुया टोचून काळानिळा पडलेला तो हात. घरी पाण्याचा तांब्याही तिला धड उचलवत नव्हता.

चाकूर सोडल्यावर तिचा डोळा लागला. पुढचा स्पीड ब्रेकर आला, अण्णांनी ब्रेक दाबला, आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा असा कर्कश आवाज आला की रस्त्याकडेचा माणूस दचकून मागे सरकला. अण्णांचा चेहरा जशाचा तसा.

"अण्णा, ब्रेक वाजून राहिला."

"न्हाई. मला न्हाई आला आवाज."

मायनं दचकून डोळे उघडले आणि तिचा हात आधी बटणाकडे गेला. तेव्हा मला सगळं कळलं: अण्णांचे कान गेले होते, आणि माय भजनाच्या आवाजाखाली ते माझ्यापासून झाकत होती.

तिला दवाखान्यात सोडून मी हट्टानं गाडी गॅरेजला न्यायला लावली. तिथले मिस्त्री अण्णांच्या जीपच्या काळातले, दोघांचा जुना दोस्ताना. चाक काढून त्यांनी डिस्क दाखवली.

"दादा, पॅड पुरा खल्लास. लई दिवसांपासून ओरडून राहिला असंल. तुमच्या कानातून कसा सुटला?" मिस्त्री हसत म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

अण्णांनी डिस्कवरून बोट फिरवलं. तिच्यावर खोल चरे पडले होते. ते एकेका चऱ्यावरून बोट नेत राहिले.

दवाखान्यात ते मायच्या खाटेशी उभे राहिले. मशीन चालू होतं.

"तुला ऐकू येत व्हतं?"

"हाव."

"काही वाजून राहिलं का, मी इचारलं व्हतं तुला. चांगलं दोन-चारदा इचारलं."

"हाव. मी न्हाई म्हणाले."

"कामून?"

माय छताकडे बघत होती. "हाव म्हणाले असते तर तुम्ही गाडी सोडली असती. माझ्या दुखण्यात तुमाला करण्यासारखं दुसरं हाय तरी काय?"

मला तिचा भयंकर राग आला. ती दोघं कुठल्या तरी ट्रकखाली गेली असती, रस्त्यावरचं कोणाचं तरी लेकरू गेलं असतं. पण नळ्या लावलेल्या बाईवर ओरडायचं कसं? मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

डिस्क नव्या बसवल्या, पॅड नवे टाकले. अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढे कानाचं मशीनही आणलं. त्यात सगळंच पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाजतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. मायच्या उरलेल्या फेऱ्या एसटीनं झाल्या. येताना तिला बसवत नसे, अण्णा तिला खांद्याशी धरून बसत, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या देत. त्या उन्हाळ्यात माय गेली.

गाडी आता माझ्याकडे आहे. सुट्टीत गेले की मी अण्णांना चाकूरपर्यंत फिरवून आणते. ते मायच्या सीटवर बसतात. स्पीड ब्रेकर आला की हात पुढे करून भजन बंद करतात आणि विचारतात, "काही वाजून राहिलं का?"

"न्हाई, अण्णा."

खरंच काही वाजत नसतं. पॅड मी वेळच्या वेळी बघून घेते. तरी ते वळून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. आमच्या घरातली बाई न्हाई म्हणाली, एवढं त्यांना आता पुरत नाही.