पिवळ्या रेघेच्या पुढं

मी मंगळवार पेठेतल्या औषधाच्या दुकानात आप्पांच्या गोळ्या घेत होते, तेव्हा तो आवाज झाला. सकाळचे अकरा वाजले असतील, नुकतीच लाईट आली होती. दुकानदार म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर उडाला वाटतं," आणि मलाही तसंच वाटलं. गोळ्यांवरची नावं तपासून मी पिशवी भरली आणि सावकाश निघाले. बोळाच्या तोंडाशी उभी असलेली माणसं मला बघून बाजूला सरकली, तेव्हा कळलं की जे काय झालंय ते आपल्याच घरात. अण्णा, माझा थोरला भाऊ बसवराज, घरामागच्या शेडमध्ये पडला होता. कॉम्प्रेसरची टाकी फुटली होती. दवाखान्यात न्यावं असं काही उरलं नव्हतं...

याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे बहुतेक त्याच्याच धंद्यातले. चहा घेतात, हळहळतात, आणि उठताना म्हणतात, एवढा जाणता माणूस, असा निष्काळजीपणा कसा केला. वहिनी खाली मान घालून ऐकून घेते. म्हणून मी हे लिहिते आहे. अण्णा निष्काळजी नव्हता.

नव्वदच्या सुमारास त्यानं घरामागं पत्र्याची शेड घातली आणि स्प्रे पेंटिंग सुरू केलं. आधी लोखंडी कपाटं, मग मोटरसायकलच्या टाक्या, पुढं शिरोळकडचे ट्रॅक्टरवाले पुराचं पाणी खाल्लेली बॉनेटं घेऊन यायला लागले. कॉम्प्रेसर त्यानं जुनाच घेतला होता, पण हवेच्या दाबावर मशीन आपोआप चालू-बंद करणाऱ्या त्याच्या प्रेशर स्विचला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. स्विच लावायला बसला की आधी प्लग काढायचा आणि कुणी चुकून परत घालू नये म्हणून ती वायर स्वतःच्या गळ्यात टाकायचा. आम्ही हसायचो, शंकराचा नाग म्हणायचो. मग झाकण काढून मोठ्या स्प्रिंगवरचा नट पाव फेरा फिरवायचा, झाकण लावून मशीन सुरू करायचं, दाबाचा काटा कुठं थांबतो ते बघायचं, हवा सोडायची, पुन्हा कुठं सुरू होतं ते बघायचं. जमेना, तर परत वायर गळ्यात. तास तास चालायचं. आठवर बंद आणि सहावर सुरू, हे आकडे बसले की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक पिवळी रेघ ओढायचा. खंडेनवमीला झाकणं काढून पुसलेल्या सगळ्या यंत्रांना वहिनी हळदीकुंकू लावायची, तेव्हाही मागं उभा राहून सांगायचा, रेघ झाकायची न्हाय. टाकीच्या तळाची तोटी उघडून साठलेलं पाणी रोज सोडायचा. एक दिवस चुकवला नाही.

गेल्या वर्षी आप्पांना, आमच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. मी रजा काढून माहेरी आले. आप्पांची खाट मागच्या खोलीत आणि भिंतीपलीकडं शेड. कॉम्प्रेसर सुरू झाला की आप्पांचा बरा हात दचकून वर उठायचा. दिवसातून किती वेळा... मी अण्णाला म्हटलं, काहीतरी कर, कमी वेळा सुरू झाला पाहिजे. तो म्हणाला, खालचा आकडा उतरवला तर रंगाची गन थुंकती, रंग बिघडतो. वरचा वाढवावा लागंल.

"मग वाढव की."

"टाकी म्हातारी हाय, सुमे."

"आन् आप्पा काय तरणं हाईत?"

तो हसला. दुपारी गळ्यात वायर टाकून बसला आणि नट दीड फेरा आवळला. पिवळ्या रेघेच्या पुढं तो पहिल्यांदाच गेला. मशीन खरंच कमी वेळा सुरू व्हायला लागलं. पण टाकी पुरती भरायच्या आधीच सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकारून हवा सोडायला लागला आणि आप्पा त्या आवाजाला दचकायला लागले. मी पुन्हा तक्रार केली. या वेळी तो हसला नाही. पाना हातात घेतला. मग व्हॉल्व्हही आवळला आणि म्हणाला, "आप्पांचं काय ते हुस्तवर. मग सगळं माघारी आणतो." काय ते म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. आप्पा आहेत. तो गेला.

टाकीचे तुकडे उचलताना तळाचा पत्रा पापडासारखा मोडत होता. रोज पाणी काढूनही गंज आतून चालूच होता. त्या सकाळी तो तळाच्या तोटीपाशीच बसला होता, पाणी सोडायला. हे मी वहिनीला सांगितलं आहे, नट कुणाच्या सांगण्यावरून फिरला तेही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

स्विच तेवढा शाबूत सापडला. मी तो आप्पांच्या खोलीतल्या खिडकीत ठेवला आहे. रेघेचा अर्धा तुकडा पत्र्यावर आहे, अर्धा नटावर, बरोबर विरुद्ध बाजूला. कुणी हळहळायला आलं की मी तो दाखवते आणि नट का फिरला ते सांगते. आप्पांना कुणी काही सांगितलेलं नाही. त्या दिवशीचा आवाज त्यांनी भिंतीपलीकडूनच ऐकला, पण त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारतात ते एवढंच, रोज, अकराच्या सुमारास, जड जिभेनं...

"बसूचं मशीन का वाजंना?"

"लाईट न्हाय, आप्पा."

ते वर बघतात. पंखा फिरत असतो. मग माझ्याकडं बघतात आणि म्हणतात, "व्हय."